मधल्या खुर्चीवरचे दाजीसाहेब

मेलेल्या माणसाचे ओठ जिवंत माणसाच्या ओठांपेक्षा थोडे जास्त गुलाबी ठेवावेत. घरच्यांना बरं वाटतं.

*

सावनेरकडच्या एका मालगुजाराचं धड. कोट, जरीकाठी उपरणं, मांडीवर हात. मानेच्या वर काही नाही.

*

'शांतता राखा.' १९७६ सालच्या त्या दिवसांत वाचनालयातल्या या पाटीला फारसं काम उरलं नव्हतं. बाहेर रस्त्यावरही लोक शांतताच राखून होते.

*

कामठीच्या एका नवरदेवाला लग्नाच्या फोटोत मनगटावर घड्याळ हवं होतं. काढून दिलं. मग त्याच्या साळ्यालाही हवं झालं.

*

फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं मानणारी माणसं पूर्वी होती. त्यांचे फोटो नाहीत. ती माणसंही नाहीत.

*

पिकलेल्या संत्र्याचा रंग कुठल्याच बाटलीत मिळत नाही. पिवळ्यावर लाल चढवावा लागतो आणि तो दरवेळी टमाट्याकडे जातो.

*

"होऊन जाईल."

*

हे शेवटचं वाक्य विश्वनाथचं. नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात त्याचा 'शामला फोटो स्टुडिओ' होता. बोळ इतका अरुंद की सायकल रिक्षा आली की दोन्हीकडच्या दुकानदारांना पायऱ्यांवरचे पाय वर घ्यावे लागत. स्टुडिओला बायकोचं नाव दिलं म्हणून लोक त्याला प्रेमळ समजत. खरं तर पेंटरने पाटीवर काय लिहू म्हणून विचारलं तेव्हा बायको शेजारी उभी होती, आणि विश्वनाथला कोणालाही नाही म्हणता येत नसे.

फोटो काढणं हा त्याचा जोडधंदा. खरा धंदा काळ्या-पांढऱ्या फोटोंत रंग भरण्याचा आणि जुने, फाटके, बुरसलेले फोटो नीट करून देण्याचा. गिऱ्हाईक म्हणे, बाबांना जरा गोरं करा. होऊन जाईल. आईच्या कपाळावर कुंकू लावा, बाबा नंतर गेले असं धरा. होऊन जाईल. हा डावीकडचा भाऊ काढून टाका, वाटणीत फार छळलं त्याने. होऊन जाईल. काडीला कापूस गुंडाळायचा, रंगात टेकवायचा आणि करड्या गालावरून हलकेच फिरवायचा. त्याच्या हातून निघालेली नागपुरातली सगळी मेलेली माणसं गव्हाळ, समाधानी आणि किंचित लाजल्यासारखी दिसत.

सात खुर्च्या, सहा माणसं

त्या मार्चमध्ये नवविचार मोफत वाचनालयाचे सेक्रेटरी अनंतराव एक चौकट वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. सोबत अध्यक्ष गोपाळराव वकील. वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती. स्थापनेच्या वेळचा नवा विचार असा होता की लोकांना पुस्तकं फुकट वाचायला द्यावीत. त्यानंतर दुसरा कुठला सुचला नाही, पण नाव तेच राहिल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता संस्थापकांचा १९२६ सालचा फोटो रंगीत करून मोठ्या हॉलमध्ये लावायचा ठरला होता.

विश्वनाथने चौकट उजेडाला धरली. वाचनालयाचं आवार, सात खुर्च्या, त्यांवर सहा माणसं. मधली खुर्ची रिकामी. ती गोपाळरावांच्या आजोबांची, दाजीसाहेबांची. वाचनालयाला जागा त्यांनी दिली, पण फोटोग्राफर येणार असं कळताच ते पहाटेच बैलगाडी जुंपून बुटीबोरीच्या शेतावर निघून गेले होते. फोटोने आयुष्य घटतं, यावर त्यांची श्रद्धा होती. तीन वर्षांनी ते फोटोशिवायच वारले.

बाकीचे सहा जण हजर होते, पण सुशिक्षित असल्यामुळे गप्प बसणं त्यांना जमलं नव्हतं. फोटोग्राफरचा कॅमेरा त्या काळातही जुनाट होता, त्याच्यासमोर बराच वेळ दगडासारखं बसावं लागे. हे सहा जण एकमेकांशी बोलत राहिले आणि त्यांचे चेहरे दह्यात बोट फिरवल्यासारखे झाले. फोटोत स्वच्छ चेहरा एकच होता. अगदी उजव्या कडेला, लिंबाखाली, हातात काठी घेऊन एक माणूस उभा होता. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मुंडासं, डाव्या भुवईत एक खोल खूण. हलू नका, असं फोटोग्राफर सगळ्यांना उद्देशून म्हणाला होता. ते ऐकलं होतं ते याने.

मग मागण्या सुरू झाल्या. अनंतरावांचे काका डावीकडून दुसरे होते. ते मुळात गोरे होते, कॅमेऱ्याने काळे केले, असं अनंतरावांचं म्हणणं पडलं. शेवटच्या खुर्चीवरच्या गृहस्थांच्या मुलीने निरोप पाठवला होता की वडिलांच्या बोटांत विडी दिसते ती लेखणी करावी. विश्वनाथ मान डोलवत गेला. शेवटी गोपाळरावांनी मधल्या खुर्चीवर बोट ठेवलं.

"इथे दाजीसाहेब बसव."

"त्यांचा एखादा फोटो?"

"नाही. पण ते होते."

विश्वनाथ म्हणाला, होऊन जाईल.

अनंतराव वर्तमानपत्राची घडी घालत होते. त्यांची नजर उजव्या कडेवर गेली. हा कोण मध्येच आलाय, असं त्यांनी विचारलं. गोपाळराव म्हणाले, धोंडबा असेल, राखणदार होता. अनंतराव म्हणाले की मग तो काढा आणि तिथे एक पामची कुंडी येऊ द्या, बरं दिसतं. हेही होऊन जाणार होतं. जाताजाता त्यांनी आणखी एक बजावलं. काम झालं की मूळ फोटो, निगेटिव्ह, जे असेल ते संस्थेकडे जमा करायचं.

"दोन फोटो राहिले की दोन इतिहास होतात, विश्वनाथराव."

उजवीकडून बाहेर

दोन दिवसांनी भीमाबाई आली, वाचनालयाचा फोटो रंगवायला इथे आला आहे असं कुठूनसं ऐकून. इंदोऱ्याच्या वस्तीत कॉर्पोरेशनच्या शाळेत शिकवायची. चाळिशी ओलांडलेली, हातात छत्री, खांद्याला पर्स, आणि समोरचा माणूस गृहपाठ न करता आला आहे हे आधीच माहीत असल्यासारखी नजर. विश्वनाथने टेबलावरचा फोटो उघडून दाखवला तेव्हा तिने त्याला हात लावला नाही. कडेच्या माणसावर नुसतं बोट धरलं, वरच्यावर.

तो तिचा बाप. ती लहान असताना तो तिला वाचनालयाच्या उंबऱ्यापर्यंत घेऊन यायचा आणि बाहेरूनच आत भिंतीकडे बोट करायचा. तो पाह्य मी, कडेले. आत जायची दोघांनाही सोय नव्हती. इतक्या लांबून तिला काचेवरचा उजेड तेवढा दिसायचा, पण बापाला बरं वाटावं म्हणून ती दिसला म्हणायची. ती बारा वर्षांची असताना तो गेला. पुढे छप्पन साली घरादाराने धम्म घेतला, ती शिकली, नोकरीला लागली, आणि एके दिवशी सरळ आत जाऊन तिने अनंतरावांकडे फोटोची एक नक्कल मागितली. त्यांनी अर्ज द्यायला सांगितलं. अर्ज विचाराधीन होता. त्या वाचनालयात विचार म्हणून जे काही चालू होतं ते एवढंच.

"माह्या मायले त्याचं तोंड आठवून नाही राहिलं," ती म्हणाली. "कधी म्हणते मिशी होती, कधी म्हणते नव्हती. सकाळपासून त्याच्यावरच भांडते आमच्यासंग. मले फक्त त्याचा एक फोटो काढून द्या, भाऊ. अन् कोट-टाय नका घालू त्याले."

ही शेवटची सूचना विनाकारण नव्हती. विश्वनाथकडे काचेच्या जुन्या निगेटिव्हवर तयार धडं होती. गरिबाच्या फोटोतून डोकं तेवढं घ्यायचं आणि कोटावर बसवायचं, ही या धंद्यातली रीतच होती. इंदोऱ्यातल्या कितीतरी भिंतींवर जन्मात कोट न घातलेली माणसं टाय लावून बसली होती.

विश्वनाथच्या मनात आलं की सांगावं, बाई, याची कुंडी करायची आहे. पण ते सांगणं म्हणजे जवळजवळ नाही म्हणण्यासारखंच झालं असतं.

"होऊन जाईल," तो म्हणाला.

मिशी होती. बारीक, खाली वळलेली. भीमाबाई गेल्यावर त्याने भिंगातून पाहून घेतलं.

मधली खुर्ची, पहिला प्रयत्न आणि पुढचे

दाजीसाहेबांचं धड लगेच मिळालं. सावनेरच्या मालगुजाराचं उपरणं खुर्चीच्या हातावर असं पडत होतं की जणू तो याच खुर्चीसाठी बसला होता. अडलं ते चेहऱ्याशी. विश्वनाथने आधी गोपाळरावांचंच नाक आणि कपाळ घेऊन एक चेहरा जुळवला. गोपाळराव म्हणाले, हा तर मी आहे, आणि मी असा दिसत नाही. मग त्याने एका गिऱ्हाइकाच्या सासऱ्याचा चेहरा बसवून पाहिला. तो गोपाळरावांना कारकुनी वाटला. दाजीसाहेबांच्या मुद्रेवर तेज होतं, अधिकार होता आणि करुणा होती, असं ते सांगत. दाजीसाहेब गेले तेव्हा गोपाळराव आठ वर्षांचे होते, त्यामुळे त्यांना सगळं स्पष्ट आठवत होतं. रोज कोर्टातून येताना ते स्टुडिओत बसत आणि एकेक चेहरा नापास करत.

मध्ये एका दुपारी, थोडी उसंत मिळाल्यावर, विश्वनाथने फोटोची निगेटिव्ह करून त्यातला धोंडबाचा चेहरा मोठा करून कागदावर घेतला. ताटाएवढा. टेबलावर टाचण्यांनी ताणून बसवला आणि गालांवर रंगाचा पहिला हलका हात फिरवला. तो सुकत होता तेवढ्यात गोपाळराव आले.

ते दारातच थांबले. मग त्यांनी जोडे काढले.

"हेच," ते म्हणाले. "हेच दाजीसाहेब."

विश्वनाथने तोंड उघडलं. पण गोपाळराव टेबलाजवळ पोचले होते आणि भुवईतल्या खुणेवर झुकले होते. शिकारीला गेले असताना घोड्यावरून पडले होते, ते सांगू लागले. लहानपणी मांडीवर बसून मी या खुणेवरून बोट फिरवायचो. घोड्याचं नावही त्यांना आठवलं. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "कुठे मिळाले तुला हे?"

"त्याच फोटोत," विश्वनाथ म्हणाला. खोटं काहीच नव्हतं.

"बघ. मी म्हणत होतो ना, ते होतेच तिथे."

टाचण्या त्यांनी स्वतःच्या हाताने काढल्या. ओलसर कागद उपरण्यात धरून ते घरी घेऊन गेले, देवघरासाठी. जाताना एवढंच म्हणाले, बसव आता खुर्चीवर.

स्टुडिओच्या मागच्या पडद्याआड घर होतं आणि पडद्याला कान होते. शामला हात पुसत बाहेर आली.

"जोडे काढले त्यायनं. सांगितलं काहून नाही तुमी?"

"विचारलं कुठं त्यायनं."

"असंच राहा. उद्या कोणी येऊन म्हणन, या शामलाच्या जागी मले कुंडी पाहिजे. तेही होऊन जाईन."

विश्वनाथला वाटलं, काही बिघडत नाही. निगेटिव्ह आपल्याकडेच आहे, भीमाबाईसाठी दुसरा कागद काढू. पण त्याच्याकडे जे रोज येऊन छातीवर बसत त्यांचं काम आधी होई, आणि भीमाबाईला शाळा होती. आधी दाजीसाहेबांना पगडी चढली, लाल. मग काका गोरे झाले. विडीची लेखणी झाली. लिंबाखालच्या माणसाच्या जागी कुंडी आली, आणि विश्वनाथने पामचं एकेक पान इतकं मन लावून रंगवलं की शामलासुद्धा म्हणाली, झाड मस्त झालं. ते सुकलं त्याच सकाळी अनंतराव कापडी पिशवी घेऊन दारात उभे राहिले. मूळ फोटो, निगेटिव्ह, कच्चे कागद, त्यांनी सगळं पिशवीत भरून घेतलं.

थोर माणसांचा फोटो असा केरात टाकणं गोपाळरावांना पटेना. म्हणून खंडित मूर्तीचं करतात तसं त्यांनी केलं. अक्षता वाहिल्या, नारळ ठेवला आणि चौकटीसकट सगळं जवळच्या 'शुक्रवारी' नावाच्या तलावात सोडलं. काच होती म्हणून छान बुडालं, असं अनंतरावांनी येऊन सांगितलं.

आता जगात धोंडबाचे दोनच चेहरे उरले होते. एक गोपाळरावांच्या देवघरात रोज सकाळी गंध लावून घेत होता. दुसरा मालगुजाराच्या धडावर, लाल पगडीखाली, मधल्या खुर्चीवर बसला होता.

उजवीकडून बाहेर, पुन्हा

भीमाबाई शनिवारी शाळा सुटल्यावर आली. विश्वनाथने तिला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, उन्हाळ्याबद्दल बोलला. ती ऐकत राहिली. वर्गात धडा न आलेला पोरगा असाच भोवतीभोवती बोलतो हे तिला ठाऊक होतं.

"काढून टाकलं म्हणतात त्याले," शेवटी ती म्हणाली. "कुंडी केली म्हणतात."

"नाही. आहेत ते."

"कुठं?"

"उद्या कार्यक्रम आहे वाचनालयात. तिथं पाहा तुम्ही." त्याने तिच्यासमोरचा पेला उचलला. "आहेत ते तिथं. खरंच आहेत."

भीमाबाईने छत्री उचलली. "मायले घेऊन येतो," ती म्हणाली.

संपूर्ण समूह

हॉलमध्ये दोन कूलर लावले होते. दोन्ही पाहुण्यांच्या दिशेला होते. फोटो विश्वनाथने सकाळीच स्टुलावर चढून खिळ्याला अडकवला होता, आणि लागलाच तर सरळ करायला म्हणून तो स्टुलाशेजारीच उभा होता. पडदा सरकला. सहा संस्थापक गव्हाळ आणि थोडे लाजलेले. कडेला हिरवागार पाम. मध्ये दाजीसाहेब, आणि सगळ्या रांगेत तेवढेच थेट समोर पाहत होते. चौकटीखाली पितळी पट्टीवर त्यांचं नाव.

गोपाळराव बोलले. असे चेहरे आता होत नाहीत, असं म्हणाले. ही नजर पाहा, या नजरेला कधी कोणापुढे झुकायची वेळ आली नाही. त्यांनी हार घातला, वाकून नमस्कार केला, आणि त्यांच्यामागे सगळा हॉल उभा राहिला. विश्वनाथने पायाकडे पाहत हात जोडले.

भीमाबाई मागे दाराशी होती. तिची आई पार्वतीबाई पंचाहत्तरीची, एका डोळ्यात मोतीबिंदू. म्हातारी काठी टेकत खुर्च्यांमधून पुढे निघाली. दर्शनाला येते आहे असं समजून लोकांनी पाय आखडून वाट दिली. फोटोसमोर येऊन तिने मान तिरकी केली, चांगला डोळा जवळ नेला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग मागे न पाहता तिने लेकीला विचारलं.

"अवं भिमे, यायनं पगडी कोनाची घातली?"

गोपाळराव वाकले. आज ते कोणाशीही मायेने बोलणार होते. "आजी, तुम्ही दाजीसाहेबांना पाहिलं होतं?"

"ते कोन ते मले नाही माहीत, जी. हे माह्या घरचे होत." तिने काठीचं टोक भुवईकडे नेलं. "हे पाहा ना. बैलानं मारलं होतं शिंग. मीच बांधली होती हळद."

पहिल्या रांगेतली डोकी आधी म्हातारीकडे वळली, मग फोटोतल्या दाजीसाहेबांकडे, मग गोपाळरावांकडे, आणि तिथेच थांबली. इतकी वर्षं ज्यांच्या शुद्ध चारित्र्यावर भाषणं ऐकली, त्यांचं एक घर पलीकडच्या वस्तीतही होतं की काय, हा विचार एकाच वेळी पन्नास चेहऱ्यांवर आला. वाचनालयात बऱ्याच वर्षांनी नवा विचार आला होता. गोपाळरावांच्या तोंडाचा रंग विश्वनाथने पाहिला. तसला त्याच्याकडच्या कुठल्याच बाटलीत नव्हता.

"आमच्या आजोबांबद्दल असलं काही..." गोपाळराव म्हणू लागले.

भीमाबाई तोवर पुढे आली होती. आवाज तिने चढवला नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तसाच तो पोचला.

"तुमच्या आजोबाईले कोणी काही म्हणून नाही राहिलं. हा धोंडबा होय. या दाराची राखण केली यानं जल्मभर, बाहेर बसून. तो तुमचा आजा नाही. अन् त्याले व्हायचंही नव्हतं."

गोपाळरावांनी विश्वनाथकडे पाहिलं. विश्वनाथने खाली पाहिलं. तेवढं पुरे होतं.

कोणी काही बोलायच्या आत अनंतराव माइकपाशी पोचले. माणूस सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, झालेली चूक ठराव म्हणून मांडायची त्यांना सवय होती. ते म्हणाले की मित्रहो, गुपित आता फुटलंच आहे. संस्थेच्या अगदी लहान सेवकाला मधल्या खुर्चीचा मान द्यायचा, हे कार्यकारिणीने समतेच्या भावनेने हेतुपुरस्सर ठरवलं होतं. आनंदाचा धक्का म्हणून अध्यक्षांनासुद्धा कळू दिलं नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या दिवसाच्या सगळ्या टाळ्यांत हा मोठा. एका निवृत्त हेडमास्तरांनी चष्मा पुसला. गोपाळराव मात्र हार घातलेल्या फोटोकडे पाहत होते आणि बहुधा आपलं देवघर आठवत होते.

टाळ्या संपेपर्यंत भीमाबाई थांबली. मग तिने पितळी पट्टीकडे बोट केलं आणि म्हणाली की मंग त्याचं नाव लिहा खाली. अनंतराव म्हणाले, पुढच्या बैठकीत विषय घेऊ.

"त फोटो द्या मले. माही माय आज पाहून राहिली. बैठकीले तिचा डोळा राहते का नाही, काय माहीत."

"देऊन टाका," गोपाळराव म्हणाले. त्यांना तो चेहरा आता एक क्षणही समोर नको होता. "विश्वनाथ, उतरव. आत्ता."

"हात लावू नका, विश्वनाथराव," अनंतराव माइक झाकून म्हणाले. "संस्थेची मालमत्ता आहे. आणि आता तर समता आहे."

विश्वनाथ स्टुलाशेजारी उभा होता. दोघे त्याच्याकडे पाहत होते, आणि दोघांपैकी एकालाही त्याने जन्मात नाही म्हटलेलं नव्हतं. समता वगैरे त्याच्या मनात काही आलं नाही. त्याचं लक्ष म्हातारीकडे होतं. फोटोतल्या इतक्या माणसांत ती एकालाच पाहत होती. त्याने पानापानावर जीव ओतलेली कुंडी तिच्या डोळ्याच्या वाटेत होती, पण ती तिला दिसतच नव्हती.

"होऊन जाईल," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते त्यालाही कळलं नाही.

मग तो स्टुलावर चढला, हारासकट चौकट खिळ्यावरून काढली, सांभाळत खाली उतरला आणि तिचं एक टोक भीमाबाईच्या हातात दिलं. दुसरं टोक त्याने बाहेर रिक्षापर्यंत सोडलं नाही. अनंतराव माइकवरून म्हणतच होते की हे दृश्य पाहून कोणाचं हृदय भरून येणार नाही.

चौकट सायकल रिक्षात मावेना. शेवटी मायलेकी बसल्या, ती गुडघ्यांवर उभी धरली, तोंड बाहेर. महालातून थेट इंदोऱ्यापर्यंत सहा सुशिक्षित गृहस्थ आणि मध्ये धोंडबा रस्ता पाहत गेले.

कात्रण

सोमवारच्या वर्तमानपत्रात आलं की वाचनालयाने ऐतिहासिक फोटो सेवकाच्या कुटुंबाला सन्मानपूर्वक भेट दिला. अनंतरावांनी ते कापून फाइलला लावलं. गोपाळरावांच्या देवघरातल्या फोटोचं काय झालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांच्या घरी कामाला जाणारी बाई म्हणायची की गंध रोज पूर्वीइतकंच उगाळलं जातं.

पगडी

पुढच्या आठवड्यात विश्वनाथ पेटी घेऊन इंदोऱ्याला गेला. पार्वतीबाईला पगडी नको होती. फोटो खाटेवर आडवा ठेवला, आणि त्याने ब्लेडने लाल रंग हळूहळू खरवडून काढला. खाली काही नव्हतं, पांढरा कागद. पगडीसाठी त्याने मुंडासं पुसूनच टाकलं होतं, आणि मूळचं तलावात गेलं होतं. ते आता हाताने काढायचं होतं. त्याने पेन्सिलीने वेढे आखले. म्हातारी जवळ बसून सांगत होती, असं नाही, इकडून इकडं. भीमाबाई वह्या तपासता तपासता मधूनच पाहत होती.

"आजी, रंग कोणता देऊ याले?" त्याने विचारलं.

"मळका," म्हातारी म्हणाली.

विश्वनाथने पेटीतल्या बाटल्यांवरून बोट फिरवलं. करड्यात तपकिरी मिसळला, त्यात काळ्याचा एक थेंब सोडला आणि कागदाच्या तुकड्यावर लावून तिच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला. तिने मान हलवली. त्याने पिवळा घातला. तरी रंग स्वच्छच निघत होता. उभ्या आयुष्यात त्याने माणसं उजळवण्याचंच काम केलं होतं, मळवायचं कसं ते त्याच्या हाताला येत नव्हतं.

"अजून," म्हातारी म्हणाली.

त्याने अजून घातला.

१९२६ साली ज्या सकाळी तो फोटो काढला, त्या सकाळी वाचनालयात एकही पुस्तक आलेलं नव्हतं. राखणदार तेवढा आलेला होता.